बेटावरून परतताना मी खोटे बोललो

मित्रांनो, मी एका जुन्या होकायंत्राचा काटा आहे. तुमच्या करंगळीएवढा लांब, आणि एका टोकाला लाल रंग. तोही आता जागोजागी उडाला आहे. तुम्ही डबी उघडाल तेव्हा मी थरथरताना दिसेन. मोठी माणसे तुम्हाला सांगतील, काटा एका बारीक टोकावर तोललेला असतो, म्हणून तो थरथरतो. ते खरे आहे. पण मी भितो, हेही खरे आहे. कशाला भितो, ते आज सांगतो.

माझा जन्म एका बोळातल्या अरुंद दुकानात झाला. कारागीर म्हातारा होता, नजर कमी झालेली. त्याने पोलादाची पट्टी कापली, कानशीने घासून तिला माझा आकार दिला आणि मग बायकोच्या हातात चुंबक देऊन म्हणाला, "याच टोकाकडून त्या टोकाकडे घास. हात मागे नेताना उचलून ने. घासत मागे आणू नकोस."

"आणि चुकून आणला तर?"

"तर हा वाट चुकवील. कोणाला तरी बुडवील."

मला तेव्हा जगात येऊन तासभरही झाला नव्हता. मला समजलेले पहिले वाक्य ते. तेव्हापासून ते माझ्या अंगात रुतून बसले आहे.

मला पितळी डबीत बसवले. वर काच आली, खाली अक्षरांची तबकडी. डबीला एक कळ होती. झाकण लावले की ती कळ मला खालून उचलून काचेशी दाबून धरी, म्हणजे हेलकाव्यांनी माझ्याखालचे बारीक टोक झिजू नये. झाकण उघडले की मी सुटे. माझ्या भल्यासाठीच केलेली ही सोय पुढे माझ्या जिवावर उठणार होती.

एका मालवाहू नावेच्या कप्तानाने मला विकत घेतले. विटा, लाकूड, कौले, एकदा तर नाव भरून खुर्च्या, असे काय काय घेऊन आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने फिरलो. चाळीस वर्षे. कप्तान झाकण उघडी, एकदा पाही आणि सुकाणू वळवी. खलाशांना तो सांगे, "माणसं खोटं बोलतील. हा बोलायचा नाही."

ही स्तुती ऐकून दुसरा एखादा फुगला असता. माझी मात्र पाचावर धारण बसे. उत्तर कुठे आहे हे मला ठाऊक नसते, मित्रांनो. मला फक्त ओढ लागते. कोण ओढते, का ओढते, मी कधी पाहिलेले नाही. ती ओढ जिकडे नेईल तिकडे मी वळतो, आणि माझ्या मागे अख्खी नाव वळते, त्यात झोपलेली माणसे वळतात. ज्याला स्वतःलाच काही ठाऊक नाही, त्याच्यावर इतका भरवसा! धुके पडले की मी मनातल्या मनात म्हणे, अरे, एकदा तरी मला तपासा. कोणी तपासले नाही.

पुढे कप्तानाला मोतीबिंदू झाला, नाव विकली गेली आणि मी त्याच्या घरच्या एका खणात जाऊन पडलो. शेजारी तुटकी बटणे, मोडक्या काडीचा चष्मा, औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या. झाकण बंद, म्हणजे मी जखडलेला. ओढ लागे, पण हलता येत नसे. तुम्हाला हाक ऐकू येते आहे आणि हातपाय बांधलेले आहेत, असे समजा. किती वर्षे गेली, मी मोजली नाहीत. मोजायला मला तेव्हा येतही नव्हते.

खण उघडला तो कप्तानाच्या मुलीने. ती शाळेत शिकवत असे. मुले तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. वडील गेल्यावर घर आवरताना मी तिला सापडलो. तिने मला पदराने पुसले, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन गेली.

जुन्या दर्यावर्दींचा धडा होता. नकाशे नव्हते, पलीकडे काय आहे ठाऊक नव्हते, तरी समुद्रात शिरलेल्या माणसांचा. बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "पुस्तकं मिटा."

वर्गात एकदम आनंद पसरला. पुस्तक मिटायला कोणाला आवडत नाही?

"हे लोक कसे गेले ते वाचून कळायचं नाही. करून बघायचं."

मग पंधरा दिवस त्या वर्गात काय चालले होते, ते मी टेबलावरून पाहिले. मुलांनी अंगणात काठी रोवली आणि तिच्या सावलीवरून दिशा काढल्या. दोरीला गाठी मारल्या. शिशाच्या एका गोळ्याला बुडाशी खळगा पाडला, त्यात मऊ मेण भरले आणि तो दोरीने हौदात सोडला. गोळा वर आला की मेणाला तळाची माती चिकटलेली. बाई म्हणाल्या, "खोल समुद्रात जमीन दिसत नाही. मग हे लोक तळाला विचारायचे. गाळ आला तर किनारा जवळ, शंख आले तर अमुक जागा, असं त्यांना पाठ असायचं. एकालाच विचारून चालत नसे. सूर्याला विचारायचं, काट्याला विचारायचं, तळाला विचारायचं. तिघांचं जमलं तर पुढं जायचं."

मी अक्षरे शिकलो तीही याच वर्गात. चाळीस वर्षे 'उ'वर उभा राहिलो, पण तो उ आहे हे मला माहीत नव्हते. एक मुलगी बोट ठेवून मोठ्याने वाचत होती, "उ, पू, द, प," आणि माझ्या पोटात एकदम प्रकाश पडला. म्हातारपणी का होईना, मला माझेच घर वाचता आले.

त्या मुलीला सगळे पणकाकू म्हणत. वय वर्षे दहा. काही सांगितले की ती आधी "पण" म्हणे, मग बाकीचे. "पण बाई, ढग आले तर?" "पण बाई, दोरी भिजली की लांब होते ना?" मागून कोणीतरी हमखास ओरडे, "आल्या बघा पणकाकू!" आणि वर्ग हसे. ती चिडत नसे. मान खाली घालून वहीत काहीतरी लिही.

धड्याच्या शेवटी सफर ठरली. शाळेमागून समुद्र दिसे. ओहोटीला पाणी लांब मागे हटे आणि समोरच्या बेटापर्यंत चालत जाता येई. बेट म्हणजे मैदानाएवढा वाळूचा उंचवटा आणि थोडे खडक. भरतीला ते पूर्ण बुडे. बाईंनी भरतीच्या वेळा पाहून ठेवल्या होत्या. नऊ वाजता निघायचे, दहाला परत फिरायचे, अकराच्या आत काठावर यायचे. साधी गोष्ट होती.

सफरीच्या आधी दोन दिवस शाळेला सुट्टी होती. सुट्टीआधीच्या दुपारी मुलांनी सुया चुंबकावर घासून, बुचात खोचून, ताटलीतल्या पाण्यात तरंगवल्या. शिपाईमामांनी त्यासाठी शाळेच्या बंद पडलेल्या भोंग्यातले चुंबक काढून दिले होते. भाकरीच्या तव्यासारखे जाड, काळे. टेबलावर ठेवले की पलीकडच्या टाचण्या आपणहून सरकत येत. मामा म्हणाले, "हे इतकं ओढतं, इतकं ओढतं, की माझ्या किल्ल्या सकाळपासून दोनदा पळाल्या."

घंटा झाली. बाई फार टापटिपीच्या. त्यांचा एक नियम होता आणि तो वर्गाच्या भिंतीवर लिहिलेला होता : एका धड्याचे सामान एका डब्यात. त्यांनी स्वतः पत्र्याचा डबा घेतला. दोरी ठेवली, शिशाचा गोळा ठेवला, बुचे ठेवली. मला झाकण लावले. कळ खट्‌कन वर आली आणि मी काचेशी जखडलो. मग त्यांनी मला डब्यात ठेवले आणि माझ्या अंगाला टेकवून ते चुंबक.

मित्रांनो, मी मोकळा असतो तर गर्रकन वळलो असतो आणि वाचलो असतो. काट्याला वळता आले की त्याचे काही बिघडत नाही. पण मी वळूच शकत नव्हतो. ते काळे चुंबक माझ्या लाल टोकावर दाबून बसले होते, आणि माझ्या आत जे काही आहे, त्याच्या कणाकणाला धरून ते म्हणत होते, वळ. अंग वळत नाही, तर आतून वळ. मी पहिला दिवस झगडलो. दुसऱ्या दिवशी कधीतरी माझ्या आत काहीतरी सटकले, आणि एकदम शांत वाटले. त्या शांततेची मला आजही भीती वाटते.

सफरीच्या सकाळी बाईंनी डबा उघडला. मला बाहेर घेतले, झाकण उघडून काटा फिरतो का तेवढे पाहिले. मी फिरलो. पहिल्यासारखाच सुरेख फिरलो. फक्त ओढ आता शेपटीला लागत होती आणि माझे लाल टोक दक्षिणेकडे जाऊन उभे राहिले होते. बाईंनी सवयीने डबी फिरवून 'उ' माझ्या लाल टोकाखाली आणला. तबकडीवर सगळे जागच्या जागी दिसले.

मी ओरडलो. काटा ओरडतो म्हणजे काय करतो? थरथरतो. बाई म्हणाल्या, "बघा, कसा उत्साहात आहे."

आम्ही निघालो. अकरा मुले, बाई, आणि पाण्याचा कॅन घेतलेले शिपाईमामा. मला सांभाळण्याचे काम ज्या मुलाकडे होते त्याला सगळे कप्तान म्हणत. तो छाती काढून चालत होता. पणकाकूकडे शिशाचा गोळा. दर पन्नास पावलांवर ती थांबे, डबक्यात गोळा सोडी, मेणाला काय लागले ते पाही आणि लिही.

"पण बाई," ती म्हणाली, "काटा जातानाही बघूया ना?"

"जाताना बेट समोर दिसतंय की गं. बेट शाळेच्या पश्चिमेला आहे. परतताना पूर्व धरायची, तेव्हा बघू. उगाच वाळू जाईल आत."

खट्‌. झाकण बंद. तेव्हा एकदा जरी मला उघडले असते, तर समोरचे बेट पूर्वेला दिसले असते आणि सगळे हसून घरी गेले असते.

सहाशे चाळीस पावलांवर बेट लागले. मुलांनी तिथे मजा केली. बेटाला दोन प्रदक्षिणा घातल्या, नकाशा काढला, जागांना नावे दिली. एका टोकाला शेपटी, एका खड्ड्याला मोठी बादली. मामा खडकाला टेकून क्षणभर पेंगले तर त्या खडकाचे नाव 'मामांची डुलकी' पडले.

"नकाशात माझी डुलकी नको," मामा म्हणाले. "हेडमास्तर बघतील."

तेवढ्यात धुके आले. कुठून आले, कळलेच नाही. आधी किनारा गेला, मग शाळेचे छप्पर, मग सूर्य. मुले आधी हसली. मग एकमेकांचे चेहरे पुसट दिसू लागले तेव्हा हसणे थांबले. पायाखाली पाहावे तर वाळूवर चहूकडे त्यांचीच पावले उमटलेली. कोणत्या बाजूने आलो, काही उलगडेना. लाटांची बारीक खळखळ सगळीकडून येत होती.

"घाबरायचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित उंच लागला. "जुन्या लोकांवर हीच वेळ यायची. सगळ्यांनी दोरी धरा. कप्तान, झाकण उघड. पूर्व सांग."

झाकण उघडले. अकरा चेहरे माझ्यावर वाकले. मी मागेन ते ते देतील असे डोळे. मी सगळा जीव एकवटला की लाल टोक फिरवावे, निदान अर्धे फिरवावे, निदान कोणाला शंका यावी. पण मला इच्छा नसते. मला फक्त ओढ असते. मी निमूट उभा राहिलो. कप्तानाने 'उ' माझ्याखाली आणला, 'पू' कुठे आहे ते पाहिले आणि हात लांब केला.

"तिकडे पूर्व, बाई!"

तिकडे उघडा समुद्र होता.

ते निघाले. पावले मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. माझ्याहून भित्रे तेव्हा त्या धुक्यात कोणी नव्हते. एकेक आकडा मला खिळ्यासारखा लागत होता. पन्नासला पणकाकू थांबली. मेणाला शिंपल्यांचा चुरा.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "बेटाजवळ हाच होता."

शंभर. पुन्हा शिंपले, आणि जाड वाळू. तिने कपाळाला आठ्या घातल्या. दीडशे. पाणी पोटऱ्यांपर्यंत आले आणि मेणाला गोल खडे चिकटून आले.

"पण बाई, इथं बारीक करडी वाळू पाहिजे. आणि पाणी घोट्याएवढं."

"थोडे तिरके चाललो असू. चल बाळा, वेळ कमी आहे."

"चल की गं काकू," मागून कोणीतरी म्हणाले. आवाजात हसू नव्हते, रडू होते.

दोनशेला पाणी मोठ्या मुलांच्या गुडघ्याला लागले. सगळ्यात लहान मुलीच्या मांड्या भिजल्या, ती दोरीला लोंबकळू लागली. पणकाकूने गोळा सोडला आणि वर काढला. मेण कोरे होते. त्याला काहीच लागले नव्हते. खाली नुसता खडक.

तिने सगळ्यांनी धरलेली दोरी सोडून दिली.

"मी पुढं येणार नाही."

"दोरी धर," बाई ओरडल्या.

"जाताना एकदाही मेण कोरं आलं नव्हतं, बाई. एकदाही नाही. मी लिहिलंय." तिने वही छातीशी धरली होती.

कप्तान वळला. "तुझं शिसं जास्त शहाणं का? हे बाईंच्या बाबांचं आहे. चाळीस वर्षं चुकलं नाही."

"पण आज चुकलं असेल तर?"

पाणी बाईंच्या साडीचा काठ ओढत होते. मामा हळूच म्हणाले, "बाई, मला पोहता येत नाही. म्हणून आपलं आधीच सांगून ठेवतो."

बाईंनी मला हातात घेतले. झाकण लावले, उघडले. काचेवर टिचकी मारली. मी डोललो आणि पुन्हा तिथेच जाऊन उभा राहिलो, तितक्याच ठामपणे. वडिलांचे यंत्र. त्यांचा हात माझ्याभोवती घट्ट झाला. मला वाटले, संपले. त्या माझेच ऐकणार.

"बघ," त्या म्हणाल्या, "पुन्हा तिकडेच दाखवतोय."

"त्याला दहादा विचारलं तर तो दहादा तेच सांगणार, बाई," पणकाकू आता रडतच बोलत होती. "दुसऱ्याला विचारायचं असतं. तुम्हीच म्हणाला होता. तळ म्हणतोय, हा रस्ता नाही."

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे. आणि मी पाहिले, त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"डबा," त्या पुटपुटल्या. "भोंग्याचं चुंबक. दोन दिवस शेजारी." त्यांनी डोळे मिटले, उघडले. "मुलांनो, मी चुकले. याला मी चुंबकाला चिकटवून ठेवलं होतं. हा उलटा झालाय. आपण समुद्रात चाललोय."

त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर कदाचित आणखी वीस पावले टाकली असती, मुलांसमोर चूक कबूल करणे टाळायला. त्या वीस पावलांचा विचार मी अजून करतो.

"पण उलटा म्हणजे अगदी उलटा ना?" पणकाकूने नाक पुसले. "अर्धामुर्धा नाही?"

"अगदी उलटा."

"मग 'द' धरूया."

कप्तानाने माझी डबी फिरवली आणि माझे लाल टोक 'द' वर आणले. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी तिथे उभे केले. लाज वाटायला हवी होती. मला तेव्हा फक्त एवढेच कळत होते की देवा, लवकर चला.

दोनशे पावले मागे. पाणी मागून ढकलत होते. शिंपल्यांचा चुरा लागला, मग बेट. केवढेसे उरले होते ते! मोठी बादली बुडाली होती, शेपटी बुडाली होती. तिथे कोणी थांबले नाही. बेट ओलांडून ते पलीकडे उतरले आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. पन्नास, शिंपले. शंभर, बारीक करडी वाळू. पणकाकू ओरडली, "जमलं! वहीत हेच आहे!" पण जाताना घोट्याएवढे असलेले पाणी आता गुडघ्याच्या वर होते.

चारशे पावलांवर एक ओढ्यासारखी खोलगट जागा होती. जाताना मुलांनी ती उड्या मारत ओलांडली होती. आता तिथे पाणी वाहत होते आणि तळ दिसत नव्हता. पोहता न येणारे मामा आधी उतरले. छातीपर्यंत गेले, थांबले, "येतंय, येतंय, पाय टेकतोय," असे स्वतःलाच सांगत पलीकडे पोचले आणि दोरी खडकाला बांधून परत आले. सगळ्यात लहान मुलीला त्यांनी खांद्यावर घेतले. ती त्यांचे केस दोन्ही मुठींत धरून बसली.

"केस सोड गं बाई, आधीच चारच राहिलेत."

त्या पाण्यातही दोघे-तिघे हसले. सहा खेपा झाल्या. बाईंच्या हनुवटीला पाणी लागले तेव्हा त्यांनी मला दातात धरले होते, डबीच्या कडीने. त्यांचे दात वाजत होते आणि त्यांच्याबरोबर मीही वाजत होतो.

साडेपाचशेला पणकाकूने गोळा काढला आणि तो सगळ्यांसमोर उंच धरला. मेण काळेकुट्ट झाले होते. घाणेरडा वास सुटला.

"चिखल! काळा चिखल!"

अकरा मुले घाण वासाच्या चिखलासाठी नाचली, हे मी माझ्या काचेतून पाहिले आहे. नव्वद पावलांनी शाळेमागच्या भिंतीच्या पायऱ्या हाताला लागल्या.

संध्याकाळी शाळेत आईबाप जमले. पणकाकूच्या आईने तिला आधी एक धपाटा घातला, मग उचलून घेतले, आणि मग खाली ठेवायलाच तयार होईना. कप्तानाचे वडील मला टेबलावर पाहून म्हणाले, "जुनाट यंत्र आहे, बाई. भंगारात टाका. तुमचा काय दोष यात?"

किती सोपे होते! बाईंनी मान हलवली असती तर त्यांच्यावरचे सगळे माझ्यावर ढकलून झाले असते. मी भंगाराची वाट पाहू लागलो.

"यंत्राचा दोष नाही," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "चुंबकाशेजारी मी ठेवलं. जाताना एकदा बघूया, असं ही मुलगी म्हणत होती, तेही मीच टाळलं. तुमच्या मुलांचा जीव माझ्यामुळं धोक्यात आला आणि हिच्यामुळं वाचला."

त्या वर्षी बाईंना मुलांना फाटकाबाहेर न्यायची बंदी झाली. काही आईबाप पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मला दुरुस्त करायचे ठरले. तेच काळे चुंबक टेबलावर आले आणि मी गारठलो. कप्तानाने मला डबीतून काढून धरले, पणकाकूने चुंबक घेतले. कप्तान म्हणाला, "हळू घास. आणि मागं नेताना उचल." मग चोरट्यासारखा पुढे म्हणाला, "त्या दिवशी मी तुला बोललो ना..."

"पण तू डबी नीट धरली होतीस," ती म्हणाली. "परतताना एकदाही हलली नाही."

घासून झाल्यावर त्यांनी मला अंगणात नेले, काठीच्या सावलीशी ताडून पाहिले, मगच डबीत बसवले. चुंबक वेगळ्या कपाटात गेले. भिंतीवरच्या नियमाखाली बाईंनी खडूने एक ओळ वाढवली : होकायंत्र सोडून.

मित्रांनो, ती मुले कधीच मोठी होऊन गेली. मी अजून इथेच आहे आणि माझी भीती गेलेली नाही. मला आतून कधीच खात्री देता येत नाही. उद्या कोणी मला नकळत कुठल्याशा यंत्राशेजारी ठेवील, माझ्या आत पुन्हा काहीतरी सटकेल, आणि मी तितक्याच ठामपणे तुम्हाला चुकीची वाट दाखवीन. तेव्हा तुमच्याकडे एकच मागणे आहे. मला कोरड्या जागी ठेवा, चुंबकापासून लांब ठेवा. आणि कितीही जुना, कितीही नावाजलेला असलो, तरी तुमच्यातले कोणी "पण" म्हणाले, तर त्याला हसू नका. थांबा, आणि दुसऱ्या कोणाला तरी विचारा. मला राग येणार नाही.

काल एक नवी मुलगी आली होती. तिने झाकण उघडले, माझ्याकडे संशयाने पाहिले, अंगणात जाऊन सावली पाहिली, परत आली, मला पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "आज बरोबर आहे."

आज, म्हणाली ती. तेवढ्या वेळापुरता मी भ्यालो नाही.